पाइपलाइन धुरा ओलांडते तिथे

‘लेखी संमतीशिवाय कुदळ लावू देऊ नका!’ आमच्या संघटनेच्या पत्रकाचं हे पहिलं वाक्य माझं. उद्गारचिन्हही माझंच. कंधारच्या बसस्टँडवर, अहमदपूरच्या धान्याच्या मोंढ्यात मी ते हातोहात वाटलंय. ब्रॉडबँडच्या केबलसाठी मालकाला न विचारता शेतात चर खोदायचा आणि वर ‘सरकारी काम आहे’ म्हणून दटावायचं, याचा मला संताप येतो. आजही येतो.

त्यामुळे आत्याचा फोन आला तेव्हा खरं सांगते, मला स्फुरणच चढलं.

“पोरी, माझ्या हरभऱ्यात चुना मारून गेलेत. उद्या मशीन येणार म्हणतेत. तुझा तो कागद घेऊन ये.”

आत्याचं शेत रस्त्याला लागून. विहीर मात्र पार ओढ्याकाठी, आणि दोन्हींच्या मध्ये शेजाऱ्याचं रान. चुन्याची रेघ धुऱ्याच्या, म्हणजे बांधाच्या कडेनं आत्याच्या बाजूनं गेलेली. सकाळी ठेकेदाराचा सुपरवायझर आला, मागून जेसीबी आला. मी पत्रकच वाचून दाखवलं. खाजगी जमिनीतून केबल न्यायची तर आधी मालकाला विचारायचं, लेखी करार करायचा, खोदलेलं पूर्ववत करून द्यायचं.

माणूस चिडला असता तर मला बरं वाटलं असतं. तो म्हणाला, “बरोबर हाय ताई. फक्त एक सांगा, विहिरीचा पाइप त्या शेजारच्या शेतातून येतो ना? त्याची लेखी संमती दाखवा. तसाच कागद आपण करू.”

शेजारी धुऱ्यावरच उभा होता, तोंडात कडुलिंबाची काडी. पाइप घातला तो आत्याच्या नवऱ्यानं, हो म्हणाला तो शेजाऱ्याचा बाप. दोघंही आता नाहीत. कागद कधीच नव्हता. हरभरा फुलात, आणि पाणी अडवायची युक्ती मी स्वतःच शेजाऱ्यासमोर मोठ्यानं वाचून दाखवलेली.

आत्यानं मला बाजूला ओढलं. “पाण्याला वाट असती का गं कायद्यात?”

“माहीत नाही.”

“मग केबलीचंच तेवढं पाठ केलंस व्हय?”

नंतर शोधलं. दुसऱ्याच्या शेतातून पाणी नेण्यासाठी तहसीलदाराकडे अर्ज करता येतो. केबलीचा कायदाही मी अर्धाच वाचला होता: मालक नाही म्हणाला तरी जनहितासाठी सरकार वाट काढू शकतं, पण केबल पुरली म्हणून जमीन केबलवाल्यांची होत नाही. मग मला प्रश्नच पडत गेले. जमीन आपली म्हणजे किती खोलवर आपली? गावभर मातीखाली किती ‘हो’ नुसते तोंडी पुरलेले असतील?

पण त्या सकाळी हे काहीच ठाऊक नव्हतं. आत्या म्हणाली, “लिही.” आणि धुऱ्यावर बसून तिनं केबलीचा कागद सांगितला. शेवटचं कलम असं: ‘शेजारच्या शेतातून आलेली माझी पाइपलाइन धुरा ओलांडते तिथे मशीन लावू नये. हातानं खोदून केबल पाइपच्या खालून न्यावी.’ सुपरवायझरनं सही केली. आत्यानं अंगठा न देता सावकाश सही केली. मग कागद शेजाऱ्यापुढे धरला.

“भाऊजी, साक्षीदार म्हणून.”

त्यानं वाचला. काडी तोंडातून काढून परत वाचला. “वहिनी, केबलीच्या कागदात माझं शेत कशाला आलं?”

“खोटं हाय का?”

“न्हाई, खरं हाय.”

“मग खऱ्याला साक्षीदार नको?”

तो हसायला लागला. “लई बेरकी बाई हाव तुम्ही! भाचीला काय शहरात शिकवता, इथंच ठेवा.” आणि माझ्याकडे वळून, “लिव्ह आणखी. मशीन माझ्या बाजूनं वळवायची न्हाई, माझी तूर तुडवायची न्हाई.” मी लिहिलं. त्यानं सही केली.

चर पाइपजवळ आला तसा जेसीबी थांबला. लहानपणापासून त्या पाण्यात खेळले, पण पाइप कधी पाहिला नव्हता. कुठून, कसा येतो बघायला मी वाकले. मजूर खोरं उचलत होता, तेवढ्यात शेजारी स्वतःच चरात उतरला.

“थांब रे, फोडशील,” म्हणाला, आणि पाइपभोवतीची माती बोटांनी काढायला लागला.