डावा हात, जरासा कललेला

गस्तीच्या बोटीचा दोर मनगटाभोवती आवळला आणि सागरी पोलिसातल्या क्रांती ठाकूरचा उजवा हात कायमचा अधू झाला. डॉक्टर म्हणाले, लिहिता येईल, पण पिस्तुलाचा झटका सोसणार नाही. साहेबांनी तोड काढली. डाव्या हाताने नेमबाजीची परीक्षा पास हो आणि बोटीवर जा, नाहीतर अलिबागच्या कचेरीत आवक-जावकचं टेबल आहेच. आता जिला पाण्याशिवाय करमत नाही, तिने टपालावर शिक्के मारत बसायचं? क्रांतीने त्याच दिवशी ठरवलं, त्या टेबलाचं तोंड बघायचं नाही.

मग घरात डाव्या हाताचं राज्य आलं. कुलूप, बादली, चहाचा कप, सगळं डाव्याने. तिची आई मनुबाई मात्र जुन्या वळणाची. डाव्या हाताने दिलेलं ती घेतच नसे. "ठेव खाली," म्हणायची, आणि कप जमिनीला टेकल्यावरच उचलायची. "त्यापरीस कचेरीन बस. पंख्याखाली पगार गावल," हे वर असायचंच.

मैदानावर शिकवायला हवालदार शिवदास मोकल होते. क्रांती पिस्तूल ताठ उभं धरायची आणि चाप ओढताना सगळा जीव मुठीत आणायची. गोळ्या खाली, उजवीकडे भरकटायच्या.

"अगं, नारळ फोडायचा न्हाय हाय," शिवदास म्हणाले. "मूठ आधी नीट बसव, मग फक्त बोट हलव. आणि पिस्तूल जरा आत कलव."

"सिनेमातल्या गुंडासारखं? न्हाय दादा, लोक हसतील."

"गुंड आडवं धरतो. तू पिस्तुलाचा माथा घड्याळातल्या बारा आणि एकच्या मधे ठेव. तुझा नेमाचा डोळा उजवा, हात डावा. दोघांनी थोडं थोडं सरकायला नको?"

पण बाई हट्टी. मान वाकडी करकरून ती सरळच मारत राहिली आणि सराव परीक्षेत साफ आपटली. त्या दिवशी तिला स्वतःचाच राग आला. हट्ट बोटीचा होता, हा भलताच कुठून घुसला? दुसऱ्या दिवशी तिने उजवी मूठ छातीशी टेकवली, डावा अंगठा घट्ट दाबला आणि पिस्तूल कलवलं. मनगटाचा ताण गेला. नळीच्या टोकावरची नेम धरायची माशी आपसूक उजव्या डोळ्यासमोर आली. तेव्हापासून रोज घरी पाण्याने भरलेली बाटली तशीच कलती धरून ती हात दुखेपर्यंत उभी राहायची. मनुबाई कपाळाला हात लावायची.

परीक्षेत पहिलीच गोळी बाहेर गेली. घाबरून हात पुन्हा ताठ झाला होता. क्रांतीने स्वतःला एक कचकचीत शिवी घातली, मूठ पुन्हा बसवली, मनगट कलवलं. बाकीच्या गोळ्या आतल्या वर्तुळात गेल्या. "जा बोटीवर," शिवदास म्हणाले, आणि तिला भर मैदानात रडू आलं.

घरी येऊन तिने डाव्या हाताने पेढा काढला आणि सवयीने आईपुढे जमिनीवर ठेवायला वाकली.

"आगो, खाली कनाला ठेवतंस?" मनुबाईने हात पुढे केला. "दे माझे हातान."