आत्याचा डावा पाय

गॅरेजात सगळे तिला आत्याच म्हणत, अगदी गिऱ्हाइकंसुद्धा. भावाच्या बरोबरीने तिने चाळीस वर्षं इंजिनं खोलली आणि पत्र्यावरच्या ठोकाठोकीत दोन्ही कान घालवून बसली. भाऊ गेला, भाचा मालक झाला. आत्याने आता हत्यारं खाली ठेवावीत आणि ऑफिसात फोनजवळ बसावं, असं त्याने घेतलं डोक्यात. बहिऱ्या बाईला फोनजवळ! या अकलेला काय म्हणावं?

तशात ती लाल स्पोर्ट्स कार आली. साठ वर्षांची जुनी, दोनच माणसांची, पण तोरा नव्या नवरीचा. इंजिन चालू असलं की क्लच दाबूनही गिअर पडेना, नुसती करकर. भाच्याने कान देऊन निकाल लावला, "क्लचप्लेट गेली. इंजिन उतरवावं लागणार."

आत्याने त्याचे ओठ वाचले. "काही उतरवायचं नाही."

"तुला आवाज तरी येतो का, आत्या?"

हे त्याने गाडीमालकासमोर विचारलं. तिच्या जिव्हारी लागलं.

"चुकले तर माझे पाने तुझ्या हवाली. उद्यापासून फोनजवळ बसते. मग तर झालं?"

तिने इंजिन चालू केलं, बूट काढला, अनवाणी डावा पाय पेडलवर ठेवला, तळहात गिअरच्या दांडीवर. एकदा दाबलं, दांडी थरथरली. मग भराभर चार वेळा दाबलं, तर गिअर मुकाट पडला.

"प्लेट झिजली असती तर क्लच घसरला असता. इंजिन ओरडलं असतं, गाडी रेंगाळली असती. हा घसरत नाही रे, सुटत नाही. पायाचा जोर खालपर्यंत पोचतच नाहीये."

तिने इंजिन बंद केलं, भाच्याला पेडलपाशी बसवलं आणि स्वतः गाडीखाली शिरली. क्लचकडे तेल नेणारी रबरी नळी मुठीत धरली. "दाब!" त्याने दाबलं की नळी मुठीत टम्म फुगायची. सगळा जोर तिथेच जिरत होता.

"ये, हात लावून बघ. मी दाबते."

नळी त्याच्या मुठीत फुगली आणि त्याचा चेहरा उतरला.

नवी नळी बसली, तेलातली हवा काढली. गिअर पहिल्या दाबात पडला. गाडीमालक खूश होऊन बघत होता. भाचा हात पुसत ओठांतल्या ओठांत पुटपुटला, "तुझंच बरोबर होतं, आत्या."

तिने अक्षर न् अक्षर वाचलं होतं. तरी तिने कानामागे हात धरला.

"ऐकू नाही आलं. मोठ्याने बोल, सगळ्यांना ऐकू जाऊ दे."