गुडघ्यांवरचा झेल

नैगागा मॅडमनी मुलींना सांगून ठेवलंय की म्हाताऱ्या माणसांना मान द्यायचा नाही, अशी बोंब आमच्या कामुली गावच्या बाजारात उठली होती. शेंगा विकणारी बाई तर शपथेवर सांगायची, त्या गोऱ्याने मॅडमना टोपी दिली आणि टोपीखालचं डोकंही बदलून गेला.

टोपी दिली होती, तेवढं खरं. बाकी सगळं तिखटमीठ.

मिस्टर ग्रेगरी विलायतेत बस चालवायचे. निवृत्त झाल्यावर पदरमोड करून आमच्या भागातल्या मास्तरांना आणि पोरांना क्रिकेट शिकवायला आले. बहिऱ्याशी बोलावं तसं बोलायचे. “चेंडू. कडे. बघा. मॅडम. फक्त. चेंडू. कडे.” मॅडमच्या बॅटने नुसती हवा कापली तरी “उत्तम, उत्तम.” इतर शाळांचे मास्तर प्रमाणपत्रापुरते खेळले. चौथीला गणित शिकवणाऱ्या, दोन लेकरांची आई असलेल्या आमच्या मॅडमच्या मात्र तो खेळ अंगात भिनला. झगा कमरेला खोचून त्या सातवीच्या मुलींना चेंडू टाकू लागल्या.

अडचण होती ती बालिकोवा आजोबांची. ते शाळा समितीचे अध्यक्ष. रोज दुपार कलली की सायकलला फणस बांधून, ती हाताने ढकलत, मैदानाच्या मधोमध घरी जातात. आधी खोकला येतो, मागून आजोबा. खोकला ऐकला की मुलींनी असतील तिथे गुडघे टेकायचे, नजर खाली घालायची आणि “कोधेयो, आजोबा” असा नमस्कार घालायचा. आम्ही मुलगे उभ्यानेच नमस्कार करतो, त्यामुळे आम्हाला यात कधी काही वाटलं नव्हतं.

एकदा सातवीतली कागोया उंच उडालेल्या चेंडूखाली बरोब्बर पोचली. तेवढ्यात खोकला आला. ती मटकन खाली बसली आणि चेंडू तिच्या पाठीत बसला. मिस्टर ग्रेगरींनी डोक्याला हात लावला. ते मायदेशी परतल्यावर मॅडमनी नियम घातला, आधी चेंडू थांबवायचा, मग गुडघे टेकायचे.

पुढच्या खेपेला आजोबा खोकले आणि मुली चेंडूमागे धावतच राहिल्या. चेंडू अडला, सगळ्या बसल्या, पण आजोबा तोवर फणसासारखे काटेरी झाले होते.

त्यांनी मॅडमना बोलावून घेतलं. मॅडम गुडघे टेकून बसल्या.

“खुह्. गोऱ्यांचा खेळ खेळा, माझी ना नाही. पण उद्या माझ्या सुना म्हणतील, थांबा हं मामंजी, आधी रताळी उतरवते, मग नमस्कार. चालेल का?”

“नाही, आजोबा.”

“मी मैदानात पाय ठेवला की गुडघे टेकलेले दिसले पाहिजेत. नाहीतर बॅटी कुलपात, आणि मुलींचा खेळ बंद.”

“टेकतील, आजोबा.”

बाहेर कागोया ताटकळत होती. “असं कुठे खेळतात का, मॅडम? ग्रेगरी सर हसतील आपल्याला.”

“हसू देत. ते त्यांच्या घरी गेले. आपल्याला इथेच राहायचंय.” मग त्या म्हणाल्या, “आजोबा गुडघ्यांचं बोलले. डोळ्यांचं काही बोलले नाहीत.”

दुसऱ्या दिवसापासून प्रार्थनेआधी सराव सुरू झाला. गुडघे खाली, डोळे वर, हात पुढे. आधी मॅडम स्वतः करून दाखवायच्या, तेही खडीवर. गुडघे सोलून निघाले. घरी नवऱ्याने विचारलं, “एवढं कुणापुढे लोटांगण घातलंस?” हे पुढे त्यांनीच सांगितलं. आपण मुलींचा खेळ वाचवतोय, की त्यांना आणखी सफाईने वाकायला शिकवतोय, हे त्यांचं त्यांनाच कळेना. चुलीवर शेंगांची आमटी करपली, तरी त्या तेच घोकत बसल्या होत्या.

मग तो झेल उडाला. चेंडू आभाळात असतानाच खोकला आला. सगळ्या मुली धपाधप खाली. कागोयाने आभाळाकडे तोंड करून “कोधेयो, आजोबा” म्हटलं आणि गुडघ्यांवरच झेल टिपला. कुणी नाचलं नाही, कारण कुणाला उठता येत नव्हतं. आजोबा तिच्याकडे बराच वेळ बघत राहिले, “खुह्” म्हणाले आणि निघून गेले.

मला राहवेना. त्यांच्यासारखा खोकून मी मॅडमना म्हटलं, “ओशाळले बघा म्हातारबुवा. उद्यापासून कुंपणाबाहेरून जातील.”

मॅडम हसल्या नाहीत. गुडघ्यांवरची धूळ झटकत म्हणाल्या, “मधूनच येतील.”

“लावता पैज?”

“लाव. हरलास तर आठवडाभर माझ्या घरचं पाणी तू भरायचंस.”

दुसऱ्या दिवशी आजोबा आले. सायकल, फणस, खोकला, सगळं मैदानाच्या मधोमध, आणि चाल नेहमीपेक्षा संथ. मुली खाली बसल्या. मॅडमनी माझ्याकडे पाहिलंही नाही, नुसतं पाण्याच्या रिकाम्या कॅनकडे बोट दाखवलं.