सर, जरा थांबा

शेजारच्या काकी आणि मी, दोघी घरी बसून एकच बीए करतोय. अर्थशास्त्रात दोघीही एकदा आपटलोय. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच. पुन्हा नापास झाले तर शिक्षण बंद, असं आप्पांनी बजावलंय.

काकी मोबाइल पिठाच्या डब्याला टेकवतात, डोक्यावर पदर घेतात आणि मगच ॲपवर अर्थशास्त्राच्या सरांच्या तासाचा व्हिडिओ लावतात. मध्येच तो थांबवून म्हणतात, "सर, जरा दमानं. म्हशीला पाणी दावून येते." परत आल्या की, "हं, बोला." पटलं नाही तर सरांना शिव्याही घालतात.

मला हसू यायचं. माझे सगळे तास कधीच पूर्ण झाले होते. ॲपवर हिरव्या खुणांची नुसती रांग होती. व्हिडिओ खोलीत चालायचा आणि मी अंगणात असायची.

पेपर आठवड्यावर आला, तेव्हा काकींना मी त्या खुणा दाखवल्या.

"व्हय? मग मागणी म्हंजी काय, सांग की बाये."

मी परत त्या खुणांकडंच बोट केलं.

काकींनी डबा माझ्यापुढं सरकवला, पहिला तास लावला आणि माझी ओढणी माझ्या डोक्यावर ओढली.

"सर," त्या मोबाइलला म्हणाल्या, "ही नवी पोरगी आलीया. पहिल्यापासनं सांगा."