गोळी गिळल्यानंतरचा अर्धा तास

मलेरियाच्या कॅम्पात किस्से का साचतात याचं कारण सरळ आहे. क्लोरोक्विनच्या गोळ्या दिल्या की पेशंटला अर्धा तास समोर बसवून ठेवायचं. ओकला तर डोस पुन्हा! आता माणसं अर्धा तास एका बाकावर बसली तर करणार काय? बोलणार! मी उभी हयात बातमीदारी केली, मंत्र्यांच्या पत्रकार परिषदांत जांभया दिल्या. पण त्या बाकावर जे ऐकलं, त्याची सर कशालाच नाही.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. बेंगळुराजवळच्या देवनहळ्ळीच्या पुढे दगडखाणीची एक वस्ती होती आणि तिथल्या शाळेच्या एका खोलीत हा कॅम्प. प्रश्न एकच होता. लोकांचा ताप गोळ्यांनी उतरायचा आणि दोन आठवड्यांनी परत यायचा. जंतू औषधाला दाद देत नाही म्हणून, की लोक गोळ्या गिळतच नाहीत म्हणून?

डॉक्टर होत्या नागपूरच्या सुलभाताई. मायक्रोस्कोपला डोळा लावून बसायचे तुकोजीअण्णा. अण्णा बेंगळुरातल्या जुन्या मराठी घरातले. मराठीत सुरू केलेलं वाक्य कन्नडमध्ये संपवणार. मी बनशंकरीहून दोन बस बदलून यायचो आणि ते मला नावाने कधीच हाक मारत नसत. "या पेपर! स्वल्प सरका, उजेड अडतोय."

जंतू गोळीला दाद देत नाही म्हणजे काय, हे मला त्यांनीच समजावलं. "शंभरातले नव्व्याण्णव मेले, एक निगरगट्ट उरला. पुढची सगळी पिलावळ त्या निगरगट्टाची. सरी? कळलं ना?"

पुस्तकं वाचून मला कळलं नव्हतं ते हे!

*

गोळी खरंच पोटात गेली का, हे बघायची अण्णांची स्वतःची पद्धत होती. "तोंड उघडा. जीभ वर. आता पूर्ण नाव आणि गाव मोठ्याने सांगा." गालात गोळी धरून कुणाला स्पष्ट नाव सांगता येत नाही, यावर त्यांचा ठाम विश्वास.

एका आजोबांनी नाव खणखणीत सांगितलं आणि बाहेर जाऊन कवळीमागून गोळी काढून फेकली! त्या दिवसापासून हुकूम निघाला: कवळी आधी टेबलावर.

एकदा दोन म्हातारे एकदम आले. दोन कवळ्या टेबलावर, अर्धा तास गप्पा, मग दोघं आपापल्या घरी. पुढच्या आठवड्यात एक म्हणाला, "डॉक्टरम्मा, गोळ्यांनी माझे दात सैल झाले." दुसरा म्हणाला, "माझे तर घट्ट बसले!"

सुलभाताईंनी दोघांची तक्रार औषधाच्या दुष्परिणामांत नोंदवली. अण्णांना कवळ्या आठवल्या तेव्हा कागद पुढे गेलेला होता.

*

अर्धा तास पेशंटला बोलतं ठेवायचं काम सुलभाताईंचं. आणि नागपूरची बाई बोलणार कशावर? जेवणावर! "आमच्याकडे मटणाच्या रश्श्यावर बोटभर तर्री असते बरं का, लालभडक..."

समोरचा गडी तोंडावर हात धरून बाहेर पळाला.

अण्णांनी नवा डोस मोजला. "डॉक्टर, हा आठवड्यातला तिसरा. तिन्ही तुमच्या तर्रीचे!"

"मग कायच्यावर बोलावं मी? हवामानावर?"

"हवामानावर एकही ओकलेला नाही."

*

मी या सगळ्यावर बातमी दिली. जंतू औषधाला जुमानत नसेल तर वस्तीला दुसरं औषध द्या, असं ठणकावून लिहिलं. दुसरं औषध कपाटात पडून होतं. पण मुख्य कचेरीची सही आल्याशिवाय त्यातली एक गोळीही देता येत नव्हती. का? विचारू नका, माझा आवाज अजून चढतो!

आमच्या डेस्कवरच्या विद्वानांनी मथळा काय द्यावा? 'देवनहळ्ळीच्या डासांवर गोळ्यांचा परिणाम नाही'!

सकाळी एका निवृत्त गृहस्थांचा फोन. "डासाला गोळी देता कशी हो? दुधातून?"

मी संपादकांच्या केबिनमध्ये टेबल बडवलं. खुलासा छापून आला, हवामानाच्या अंदाजाखाली, दोन ओळी. अण्णांनी मात्र मूळ कात्रण भिंतीवर चिकटवलं. पुढे कधीही हातावर डास बसला की माझ्याकडे बघून त्याला दरडावायचे, "तोंड उघड! जीभ वर!"

*

वस्तीत गोळ्या चुकवणारे होते, हे खोटं कशाला सांगू? एकीने तर उरलेल्या गोळ्या आजारी शेळीला चारल्या होत्या. पण चिन्नम्मा तशी नव्हती. खाणीत खडी फोडणारी ही बाई. तोंड उघड म्हणण्याआधी उघडायची, नाव-गाव सांगायची आणि शेजारच्याच्याही तोंडात डोकावून बघायची! तिचा ताप तीनदा परतला. मग तिच्या धाकट्या मुलीला हुडहुडी भरली.

सुलभाताईंनी चिन्नम्माच्या तिन्ही वेळच्या रक्ताच्या काचा मुख्य कचेरीत पाठवल्या. सही ज्यांच्या हातात, त्या तिथल्या साहेबांचं उत्तर तिन्ही वेळा तेच: 'रुग्णाने गोळ्या गिळल्या नसाव्यात.'

चिन्नम्माला वाचून दाखवलं तेव्हा ती कंबरेवर हात ठेवून उभी राहिली. "मी खोटारडी? ये म्हणावं माझ्या पोटात बघायला! माझं राहू दे. पोरीला तरी ते कपाटातलं औषध द्या."

सुलभाताई त्या दिवशी पहिल्यांदाच जेवणावर बोलल्या नाहीत.

*

आणि साहेब खरंच आले! लोक गोळ्या कशा थुंकतात ते पकडायला. आठवडाभर देवनहळ्ळीत मुक्काम केला, रोज अंधार पडेपर्यंत वस्तीत ठाण मांडून बसले. कुणी थुंकलं नाही. थुंकलं नाही तरी त्यांचं मत तेच. मी भांडलो, तर म्हणाले, "तुम्ही डासांच्या गोळ्यांवर लिहा."

दोन आठवड्यांनी पुन्हा तपासणीला आले आणि बाकावरच कुडकुडायला लागले. अण्णांनी रक्त तपासलं. मलेरिया! तीन दिवस सगळ्यांदेखत डोस झाले. तोंड उघडलं, जीभ वर केली, साहेबांनी पूर्ण नाव, गाव आणि सवयीने हुद्दाही सांगितला. शेजारी मुलीला मांडीवर घेऊन चिन्नम्मा बसलेली. तिने तिन्ही दिवस वाकून साहेबांच्या तोंडात बघून घेतलं.

चौदाव्या दिवशी जीप आली. साहेब शाल पांघरून उतरले. अण्णांनी काच लावली, बराच वेळ बघितली आणि खुर्ची सोडली. "सर, तुम्हीच बघा."

साहेबांनी बघितलं आणि ताडकन उठले. "पण मी गिळल्या होत्या!"

"सगळे तसंच म्हणतात, सर." अण्णांनी पेन उचललं. "कारण काय लिहू? नेहमीचंच?"

सुलभाताईंनी कपाटातल्या औषधाच्या मंजुरीचा कागद हळूच साहेबांपुढे सरकवला.

तेवढ्यात बाकावरून चिन्नम्मा म्हणाली, "नेहमीचं नका लिहू, अण्णा. खरं बोलतायत ते. मी बघितलंय तोंडात."