तुर्की मशिदीच्या दारात घातलेलं गाऱ्हाणं

आमच्या कामगार कॅम्पातले राजापूरचे इलेक्ट्रिशियन चाचा त्या दिवशी नसते, तर माझं काय झालं असतं ते आजही मनात आणवत नाही. म्हणून आधी त्यांचं सांगतो. नात्याचे ना गोत्याचे. मी सातवीतून शाळा सोडलेला हिंदू सुतार, ते पाच वेळचे नमाजी. पण मी तापाने पडलो की पेज तेच करून द्यायचे.

कुवेतची लढाई सुरू होती आणि आम्ही सौदीतल्या होफुफला होतो. क्षेपणास्त्र येतंय असा भोंगा वाजला की कंपनीने दिलेला गॅसचा मुखवटा चढवायचा आणि भिंतीला टेकून बसायचं. मला तर भोंगा नसतानाही ऐकू यायचा. जेवण जाईना. एका शुक्रवारी चाचा म्हणाले, "चल, तुला तुर्कांचा किल्ला दाखवतो. इथं बसून भुगा होईल तुझा." किल्ल्यातल्या वायरिंगचं काम त्यांनी केलं होतं, चौकीदार ओळखीचा होता. आतल्या जुन्या मशिदीत दोन रकात नमाज पढायचा, ही त्यांची फार दिवसांची इच्छा.

मातीच्या जाड भिंतींच्या आत शिपायांच्या लांबलचक खोल्या, घोड्यांची पागा, घुमटाला भोकं ठेवून उजेड आत घेतलेलं न्हाणीघर. आणि ती मशीद. एकच मोठा पांढरा घुमट, खाली गारवा. चाचा हातपाय धुवायला गेले. जाताना म्हणाले, "इथंच थांब. कशाला हात लावू नको."

मी थांबलो. पण आमच्या गावात पिरापुढेही गाऱ्हाणं घालतात, मुसलमान शेजारी उभे असतात. मला वाटलं, देवाचं ठिकाण ते देवाचं ठिकाण. चपला काढल्या, उंबऱ्याला हात लावून कपाळाला लावला आणि सुरू केलं. गाऱ्हाणं पुटपुटायचं नसतं, खणखणीत घालायचं असतं.

"बा देवा म्हाराजा, ह्या परमुलखात तुझी लेकरां अडाकली हत. वरसून काय पडात ता पल्याडच्या वाळवंटात टाक रे म्हाराजा."

'व्हय म्हाराजा' म्हणायला मागे कुणी नव्हतं. तेही मीच म्हटलं.

घुमटाने आवाज उचलला. चौकीदार आला, त्याच्यामागे फाटकावरचा पोलीस. लढाईचे दिवस, किल्ला सरकारी, आणि एक परका माणूस दारात उभा राहून कुठल्यातरी भाषेत ओरडतोय. पोलिसाने इकामा, म्हणजे तिथं राहायचा परवाना, मागितला, पाहिला आणि स्वतःच्या खिशात घातला. मग काहीतरी विचारलं. माझी अरबी यल्ला आणि खलास, म्हणजे चल आणि संपलं, एवढीच. मी म्हणालो, "खलास, खलास." तो आणखीच भडकला. इकामा गेला म्हणजे तुरुंग, नाहीतर घरी रवानगी; आणि घरचं सगळं माझ्यावर.

चाचा ओल्या हातांनी धावत आले. बराच वेळ बोलले. पोलिसाने माझ्याकडे बघत कानशिलाजवळ बोट फिरवलं, चाचांनी मान डोलावली. चौकीदार हळहळला. लहान पोराला भरवावा तसा त्याने मला खजूर भरवला. इकामा परत मिळाला.

ते दोघे गेल्यावर मी विचारलं, "काय सांगितलंत?"

"भोंग्यानं डोकं फिरलंय म्हटलं. बसल्या जागी आईला हाका मारतो म्हटलं."

"वेडा ठरवलात मला."

"मग काय, देवस्की करत होता म्हणून सांगू? जादूटोणा म्हणून आत गेला असतास रे बाळा."

दोघांनाही हसू आलं. मी म्हणालो, "चला, तुमचा नमाज राहिला."

चाचांनी दुमडलेल्या बाह्या खाली केल्या. "आज नको. ह्याच दारात आत्ता खोटं बोललो. त्याच तोंडानं आत कसा उभा राहू?" आणि ते फाटकाकडे चालायला लागले.

पोलिसाची भीती संध्याकाळपर्यंत गेली. ही लाज गेली नाही. बसमध्ये ते मला संत्रं सोलून देत होते आणि माझी मान वर होत नव्हती. माझी भीती मी त्यांच्या देवाच्या दारात ओतली, आणि दार बंद झालं ते त्यांना.

लढाई संपली, कॅम्प मोडला, मला दूर उत्तरेला तबूकला पाठवलं. चाचा आता गावी असतात, गुडघ्यांनी थकलेत. त्या दिवसाचं त्यांनी कधी बोलून दाखवलं नाही. पण एकदा मी त्यांना होफुफला नेणार आहे. हात धरून त्या दारापर्यंत पोचवीन, हातपाय धुवायला पाणी आणून देईन आणि त्यांचा नमाज होईपर्यंत बाहेर तोंड मिटून बसेन.