सुकदेवचे दोन प्लेअर आणि गल्लीचा व्हॉल्व्ह

पारोळ्यात सुकदेव दोन कामं करायचा आणि दोन्हींचा त्याला सारखाच माज होता. पहाटे पाण्याचे व्हॉल्व्ह फिरवायचे, मग लग्नाकार्यात स्पीकर लावायचे. "गावाचं पाणी आणि गावाचा आवाज, दोन्ही माझ्या मनगटात," हे तो मला मुद्दाम ऐकवायचा. मी हंडामोर्चे काढणारा माणूस, मला कशानं झोंबेल ते त्याला पक्कं ठाऊक.

नव्याण्णव साली त्यानं जुना कॉम्प्युटर घेतला. विंडोज सारखं अडकतं म्हणून जळगावच्या अभिमननं त्यावर लिनक्स टाकून दिलं. तेव्हापासून सुकदेव लिनक्सबद्दल असा बोलायचा, जसा सासरा सरकारी नोकरीतल्या जावयाबद्दल.

श्रावणातल्या रविवारी कानबाई देवी बसते. सोमवारी सकाळी तिला विसर्जनाला नदीवर नेताना बाया सुकदेवच्या ओट्यासमोर थांबून नाचतात. गाणी तानुबाईची, सगळ्या गल्लीची ती अक्का. त्या वर्षी तिचा घसा बसला तो उठलाच नाही. पण आधीच्या वर्षी सुकदेवनं तिची गाणी टेप केली होती. ती कॉम्प्युटरमध्ये भरून त्यानं शब्द दिला, "अक्का, तू फक्त चाल. तुना आवाज मी गावभर लई जासू."

कॉम्प्युटरवरच्या एका प्लेअरवर तानुबाई, दुसऱ्यावर ढोलाची सीडी. रविवारी दुपारी चाचणी घेतली आणि फजिती झाली. पडद्यावर तानुबाईच्या आवाजाची पट्टी वर सरकवली की ढोलही चढे, पत्रे थरथरत. ढोल उतरवला की तानुबाईही बुडे.

"मना आवाज कथा गया रे?" तानुबाई कर्ण्यात डोकावून शोधू लागली.

"आत शे अक्का."

"आत म्हणजे? मरी गऊ का मी?"

बाया हसून लोळल्या. मी वैतागून म्हटलं, ढोल बंदच कर. तर वच्छलाबाई म्हणाली, "ढोल बिगर काय तुमना भाषणवर नाचूत का, भाऊ?"

सुकदेवनं वायरी बदलल्या, कर्णे बदलले, जनरेटरला शिव्या घातल्या. शेवटी तानुबाई उठली. "ढोल वाजाडा आन कानबाई काढा. मी घर बसस." सुकदेवचं तोंड एवढंसं झालं. शब्द त्याचा होता.

सोमवारी पहाटे तो व्हॉल्व्ह फिरवायला गेला. वरच्या आळीत झिपरू आणि त्याचा शेजारी भांडत होते. आपापल्या तोट्या सोडून दोघं गल्लीच्या मुख्य व्हॉल्व्हलाच पाना लावत होते. हा उघडायचा, तो बंद करायचा, आणि पाणी दोन्ही घरांत एकदमच यायचं नि एकदमच जायचं. सुकदेव त्यांना झापता झापता मध्येच थांबला, सायकलवर टांग मारली आणि घरी.

कॉम्प्युटर चालू होईपर्यंत त्यानं हा किस्सा जमलेल्या सगळ्यांना सांगितला. मग नुसती तानुबाई लावली आणि पडद्यावर शेजारी आवाजाच्या मिक्सरची खिडकी उघडली. तिच्यात मुख्य आवाजाची पट्टी वेगळी, सीडीची वेगळी, कॉम्प्युटरमध्ये भरलेल्या गाण्यांची वेगळी. त्यानं प्लेअरमधला तानुबाईचा आवाज वाढवला, तर मुख्य पट्टी आपोआप वर सरकली. ढोलाच्या प्लेअरनंही तेच केलं.

"बघ भाऊ, झिपरू आन त्याना शेजारी," सुकदेव म्हणाला. "दोघांना हात मोठा व्हॉल्व्हवर."

प्लेअरच्या सेटिंगमध्ये 'मुख्य आवाज हलव' या पर्यायापुढे खूण केलेली होती. ती त्यानं दोन्हीकडे काढली, ज्याची त्याला पट्टी नेमून दिली. मुख्य पट्टी एकदाच लावून तिला परत हात लावायचा नाही, असं ठरवलं. मग ढोल उतरवला. ढोल उतरला, तानुबाई जागची हलली नाही.

कानबाई ओट्यासमोर आली तेव्हा कर्ण्यातून तानुबाई खणखणीत गात होती, बाया मागून झेलत होत्या. गल्लीच्या टोकाचं दार उघडलं. तानुबाई पदर खोचत आली, कर्ण्याखाली उभी राहून स्वतःचं एक कडवं पुरतं ऐकलं आणि बसक्या घशानं म्हणाली,

"सुकदेव, ढोल वाढाव जरासा. नाचानी मजा नही ई ऱ्हायनी."

त्यानं ढोल वाढवला. तिनं वच्छलाबाईचे दोन्ही हात धरले आणि फुगडीला गिरकी घेतली.